पत्रा नव्हे, सांगाडा

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात रकर्सव्हिल नावाचे छोटे गाव आहे. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस ही संस्था तिथे नव्याकोऱ्या गाड्या अडथळ्यांवर आदळून बघते. २०२० साली तिने जीप रँग्लरच्या चार दरवाजांच्या मॉडेलच्या चाचणीचा निकाल जाहीर केला. वेग ताशी ६४ किलोमीटर आणि पुढच्या रुंदीचा फक्त पाव भाग, तोही ड्रायव्हरच्या बाजूचा, कठीण अडथळ्यावर आदळणार अशी ही चाचणी. गाडी आदळली. ड्रायव्हरची जागा शाबूत राहिली, बेल्ट आणि एअरबॅगने तिथे बसवलेल्या पुतळ्याला नीट आवरून धरले. इथवर सगळे छान. पण अडथळ्यावरून सुटलेली गाडी तशीच पुढे सरकत कलंडली आणि दुसऱ्या कुशीवर आडवी झाली. आमच्या चाचणीत असे काही झाले नव्हते, असे कंपनीचे म्हणणे पडले. गाडी ओढण्याची पद्धत बदलून संस्थेने पुन्हा एक रँग्लर आदळली. तीही आडवी झाली. पुढून होणाऱ्या धडकेसाठी संस्थेने तिला चार पायऱ्यांपैकी खालून दुसरी पायरी दिली.

रँग्लरची ख्याती अशी की खडक, ओढे, चिखल यांतून ती सुखरूप बाहेर येते. अशी गाडी आतल्या माणसाला वाचवतेही आणि त्याच धडकेत उलटतेही, ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. कारण मोठी, उंच, भक्कम गाडी म्हणजे सुरक्षित गाडी हे समीकरण आता आपल्याकडेही पक्के झाले आहे. त्यात तथ्य आहे, फक्त लोक समजतात त्या ठिकाणी नाही.

घरात गाडी घ्यायची ठरली की शोरूममध्ये कुणीतरी जाणता माणूस बोनेटवर टिचकी मारतोच. आवाज भरीव आला तर मान डोलते, नाहीतर ‘डबा आहे’ असा शेरा बसतो. टिचकी खुशाल मारावी, पण अपघाताशी तिचा संबंध जवळजवळ नाही. बाहेरचा पत्रा बहुतेक गाड्यांत एका मिलिमीटरहून पातळच असतो, मग ती हॅचबॅक असो की दोन टनांची जीप. धडकेचा भार त्याने पेलावा अशी अपेक्षाच नसते. उलट बोनेट दबेल असेच ठेवण्याकडे कल असतो. पादचाऱ्याचे डोके त्यावर आपटले तर खालच्या इंजिनापर्यंत पोचण्याआधी थोडी जागा मिळावी म्हणून. भार पेलतो तो आतला सांगाडा, आणि तोही सगळीकडे सारखा कठीण असून चालत नाही.

थोडा हिशेब करू. ताशी ६४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला पावणेअठरा मीटर. पाचव्या मजल्यावरून, सुमारे सोळा मीटर उंचीवरून खाली पडलेली वस्तू याच वेगाने जमिनीवर येते. न हलणाऱ्या भिंतीवर आदळताना गाडीचे नाक २० सेंटिमीटर चेपले आणि गाडी थांबली, तर आतल्या माणसाला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी ८० पट मंदन सोसावे लागते. तेच नाक ६० सेंटिमीटर चेपले तर आकडा २७ पटींवर येतो. आत्ताच्या गाड्यांतला बेल्ट बांधलेला धडधाकट माणूस क्षणभरासाठी एवढे सोसू शकतो. सगळा प्रसंग संपतो सेकंदाच्या साधारण पंधराव्या हिश्श्यात. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. माणसाचे जगणे-मरणे त्या चाळीस सेंटिमीटरच्या फरकावर ठरते.

या हिशेबात गाडीचे वजन कुठेच आलेले नाही. भिंतीवर आदळणारी गाडी आठशे किलोची असो की दोन हजारांची, आतल्या माणसाला फरक पडतो तो नाक किती आणि कसे चेपले याचा. जड गाडी इथे जरा तोट्यातच असते. तिच्या अंगात जास्त ऊर्जा असते आणि ती जिरवायला तिचे नाक तेवढेच जास्त ताकदीचे लागते.

हे पहिल्यांदा नीट मांडले बेला बारेनी या अभियंत्याने. जन्म ऑस्ट्रियातला, नोकरी जर्मनीत डायम्लर-बेन्झ कंपनीत. गाडी जितकी टणक तितकी सुरक्षित, असे सगळे जग मानत होते त्या काळात, १९५२ साली, त्याच्या नावावर एक पेटंट मंजूर झाले. मधली माणसांची खोली घट्ट ठेवायची आणि पुढचा-मागचा भाग चेपण्यासाठी सोडून द्यायचा, ही त्यातली कल्पना. १९५९ साली मर्सिडीजच्या एका मॉडेलमध्ये ती रस्त्यावर आली. त्याच वर्षी व्होल्वोच्या नील्स बोलीनने तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट दिला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतरांना वापरायला मोकळे ठेवले. आज आपण ज्याला सुरक्षित गाडी म्हणतो तिचा पाया या दोन गोष्टींवर उभा आहे. बाकीचे पुष्कळसे या दोघांना मदत करणारे.

खडकाळ रस्त्यांच्या गाड्या मात्र या शहाणपणापासून बराच काळ लांब राहिल्या. त्याला कारण होते. त्यांचा जन्म लष्करातला आणि शेतावरचा. त्यांचा पाया म्हणजे लॅडर फ्रेम. गॅरेजवाले जिला चासी म्हणतात ती. पोलादाच्या दोन लांब दांड्या, मध्ये आडवे तुकडे, वर बोल्ट आणि रबरांवर बसवलेली बॉडी. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे दगडावर असताना गाडी पिळवटली जाते. तो पीळ सोसायला आणि ओझे वाहायला ही रचना उत्तम. पण समोरून धडक बसली की त्या सरळ, जाड दांड्या चेपत नाहीत. धक्का जसाच्या तसा मागे जातो आणि गाडी जवळपास शाबूत, आतला माणूस मात्र जायबंदी, असा प्रकार होतो. जुन्या जीपच्या अपघातानंतर ‘गाडीला काही झालं नाही हो’ असे हळहळत सांगितले जाते. नेमकी तीच वाईट खूण असते.

दुसरी अडचण आकाराची. चढावर किंवा बांधावर चढताना नाक टेकू नये म्हणून या गाड्यांची पुढची चाके अगदी टोकाशी असतात. चाकाच्या पुढे गाडी फारशी उरतच नाही. धडकेला हवे असते लांब नाक आणि डोंगराला हवे असते आखूड. शिवाय पुढच्या कोपऱ्यावर मार बसला तर ते भले मोठे चाकच मागे ढकलले जाऊन ड्रायव्हरच्या पायांच्या जागेत घुसू शकते. म्हणूनच रकर्सव्हिलसारखी पाव रुंदीची चाचणी अशा गाड्यांना जड जाते.

ब्रिटनच्या जुन्या लँड रोव्हर डिफेंडरची कथा बोलकी आहे. जगभरच्या वाळवंटांत आणि जंगलांत नाव कमावलेल्या या गाडीत एअरबॅग नव्हत्या. अमेरिकेत एअरबॅग आणि बाजूच्या धडकेचे नियम कडक झाले तेव्हा १९९७ नंतर ती तिथे विकणेच थांबले. २०१६ च्या जानेवारीत तिचे उत्पादन संपले. नवी डिफेंडर आली ती लॅडर फ्रेम सोडूनच, ॲल्युमिनियमच्या एकसंध सांगाड्यावर, आणि २०२० साली युरो एनकॅप या युरोपातल्या धडक-चाचणी संस्थेकडून तिने पाचपैकी पाच तारे मिळवले. म्हणून लॅडर फ्रेम म्हणजे धोका असा निष्कर्ष कुणी काढू नये. मर्सिडीजची जी-क्लास त्याच जुन्या धाटणीच्या फ्रेमवर बसून त्याआधी एक वर्ष पाच तारे घेऊन गेली होती. आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये त्याच युरो एनकॅपने रँग्लरला दिला होता एक तारा.

भारतातले उदाहरण याहून उपयोगी आहे, कारण त्यात एकाच कंपनीच्या एकाच घराण्यातल्या गाड्या दिसतात. २०१६ च्या मे महिन्यात ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच गाड्यांचे निकाल लावले. त्यांत चार छोट्या किंवा साध्या गाड्या होत्या आणि पाचवी होती महिंद्राची स्कॉर्पिओ. एअरबॅग नसलेले मॉडेल चाचणीला घेतले होते. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे. स्कॉर्पिओ दिसायला बाकीच्या चौघींच्या दुप्पट, राजकारण्यांपासून बांधकामवाल्यांपर्यंत सगळ्यांची लाडकी, पण त्या अडथळ्यापुढे तिचा थाट चालला नाही. मग २०२० च्या नोव्हेंबरमध्ये नव्या थारला चार तारे मिळाले. डिसेंबर २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एन आली. तोवर ग्लोबल एनकॅपने बाजूच्या धडकेची कसोटी घालून नियम कडक केले होते, तरी मोठ्यांसाठी तिला पाच तारे मिळाले, मुलांसाठी तीन. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये नाशिकला तयार होणाऱ्या थार रॉक्सने भारत एनकॅपमध्ये मोठ्यांसाठी ३२ पैकी ३१.०९ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४५ गुण घेतले. स्कॉर्पिओ-एन काय आणि थार काय, दोन्ही लॅडर फ्रेमवरच्याच.

शून्यापासून पाचापर्यंतचा हा प्रवास साडेसहा वर्षांचा. पत्रा जाड करून तो झालेला नाही.

असल्या आधुनिक फ्रेमच्या दोन दांड्या पुढच्या टोकाला वेगळ्या बांधलेल्या असतात. तिथे ठरावीक जागी खाचा, घड्या किंवा पातळ तुकडे ठेवलेले असतात, म्हणजे धडकेत त्या वाकून बाजूला न जाता टोकापासून मागे क्रमाने घडीवर घडी पडत जातात. प्रत्येक घडी थोडी ऊर्जा खाते. मागे जावे तशी दांडी जाड होते आणि माणसांच्या खोलीपाशी आली की ती वाकायचे नाव घेत नाही. बॉडी फ्रेमवर ज्या बोल्टांनी बसलेली असते त्यांचाही यात विचार असतो. फ्रेम थांबली आणि वरची बॉडी पुढे सरकली तर स्टिअरिंग, पेडल आणि माणूस यांचे सगळे गणित बिघडते.

माणसांच्या खोलीसाठी वापरतात ते पोलाद वेगळ्या जातीचे. त्यात अगदी किंचित बोरॉन असते. नऊशे अंशांच्या वर तापवून ते लालबुंद असतानाच साच्यात दाबतात आणि साच्यातच झटकन थंड करतात. असे पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे दीडशे किलोचा ताण सोसते. साध्या पत्र्याच्या कितीतरी पट. दरवाजांच्या मधला खांब, छताची कड, दरवाजाखालचा उंबरा या ठिकाणी ते लागते. कारण बाजूने मार बसला तर साठ सेंटिमीटर मिळण्याची सोयच नसते. दरवाजा आणि बरगड्या यांच्यात जेमतेम हातभर जागा असते, तिथे चेपून चालत नाही. भारत एनकॅपच्या खांबावरच्या चाचणीत गाडी ताशी २९ किलोमीटरने आडवी सरकत एका पोलादी खांबावर नेली जाते. वेग किरकोळ वाटतो, पण झाडावर किंवा विजेच्या खांबावर आडवी गेलेली गाडी ज्याने पाहिली आहे त्याला तो किरकोळ वाटणार नाही. उंच गाडीचा खरा फायदा मिळतो तो बाजूच्या धडकेत. बाजूने येणाऱ्या मोटारीचा बंपर तिच्या उंबऱ्यावर आणि फ्रेमवर बसतो, माणसाच्या बरगड्यांच्या उंचीवर नाही.

आता वजनाकडे येऊ, कारण मोठ्या गाडीची बाजू घेणारा प्रत्येक जण शेवटी तिथेच येतो. तो चूक नाही. दोन हजार किलोची एक गाडी आणि आठशे किलोची दुसरी, दोघी ताशी साठच्या वेगाने समोरासमोर भिडल्या आणि एकमेकींत अडकून राहिल्या, असे धरू. संवेग अक्षय्यतेचा शाळेतला नियम लावला की उत्तर मिळते: दोन्ही गाड्या मिळून जड गाडीच्या दिशेने ताशी सुमारे २६ किलोमीटरने पुढे जातील. म्हणजे जड गाडीतल्या माणसाच्या वेगात फरक पडला ३४ किलोमीटरचा. हलक्या गाडीतल्या माणसाच्या वेगात मात्र ८६ चा, कारण तो पुढे जात होता आणि आता मागे ढकलला जातो आहे. रस्ता तोच, वेग तोच, टक्करही तीच. एकाच्या वाट्याला बेल्टचा वळ आणि दुसऱ्याच्या घरी सुतक.

अर्थात जड गाडीने जे वाचवले ते हवेतून आलेले नाही. समोरच्याच्या वाट्याला गेलेले आहे. भिंतीपुढे, पुलाच्या कठड्यापुढे, उभ्या असलेल्या भरलेल्या ट्रकपुढे हा फायदा उरत नाही. आणि म्हणूनच चाचणीतले तारे वेगवेगळ्या वजनाच्या गाड्यांत तुलना करायला वापरू नयेत. अचल अडथळ्यावरची चाचणी ही जणू आपल्याच वजनाच्या गाडीशी झालेली टक्कर असते. पाच ताऱ्यांची हॅचबॅक आणि चार ताऱ्यांची जीप समोरासमोर आली तर कुणाचे बरे होईल हे ताऱ्यांवरून कळत नाही, वरच्या गणितावरून कळते.

समोरच्याच्या अंगावर जाणारा हा भार कमी करण्याचे प्रयत्न झाले आहेत. उंच गाडीच्या दांड्या लहान मोटारीच्या बंपरच्या वरून जातात आणि तिचे चेपणारे नाक न वापरताच थेट काचेकडे सरकतात, ही जुनी तक्रार. व्होल्वोने २००२ च्या एक्ससी ९० मध्ये मुख्य रचनेच्या खाली, मोटारीच्या बंपरच्या उंचीवर, आणखी एक आडवा बीम घातला. अमेरिकेतल्या कंपन्यांनी २००३ मध्ये आपसांत करार करून २००९ पर्यंत उंच गाड्यांचे ऊर्जा जिरवणारे भाग मोटारींच्या पातळीवर आणायचे ठरवले. युरो एनकॅपने २०२० पासून चाचणीच बदलली. आता चौदाशे किलोचा एक गाडा, पुढे मऊ जाळी लावलेला, ताशी पन्नासच्या वेगाने समोरून येतो. आदळल्यानंतर त्या जाळीला किती आणि कसे भोसकले आहे ते मोजतात. दुसऱ्याला जास्त इजा करणाऱ्या गाडीचे गुण कापले जातात. मोठ्या गाडीच्या सभ्यतेची मोजणी इतक्या उशिरा सुरू व्हावी, हे त्या उद्योगाला फारसे भूषणावह नाही.

गाडीबाहेरच्या माणसाचा प्रश्न यापुढचा. आयआयएचएसने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चाळीस इंचांहून उंच बोनेटच्या गाडीने पादचाऱ्याला धडक दिली तर तो दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. बुटकी गाडी पायांवर आदळते आणि माणूस बोनेटवर येतो. उंच गाडी छातीवर आदळते आणि माणूस खाली जातो. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, त्यांत जवळपास पंचेचाळीस टक्के दुचाकीवरची आणि दर पाचातला एक पायी चालणारा. या पार्श्वभूमीवर बोनेटची उंची ही निव्वळ रुबाबाची बाब राहत नाही.

रुबाबावरून आठवण झाली बंपर गार्डची. बुल बार म्हणा, पुढे लावलेला तो चकचकीत पाइपांचा पिंजरा. केंद्रीय रस्ते मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून तो मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाविरुद्ध असल्याचे कळवले, तरी तो गावोगाव दिसतो. लावणाऱ्याची भावना साधी असते: गाडीला खरचटू नये. पण हा पाइप बऱ्याचदा थेट फ्रेमच्या टोकांना बोल्ट केलेला असतो. चेपण्यासाठी केलेल्या जागा टाळून धक्का मागे न्यायची वाटच तो करून देतो. एअरबॅग कधी उघडायची हे संगणक धक्क्याच्या चढत्या आलेखावरून, सेकंदाच्या काही हजाराव्या भागांत ठरवतो. तो आलेख कंपनीने मूळ नाक धरून बसवलेला असतो. पुढे पाइप आला की आलेख बदलतो आणि एअरबॅग वेळेवर उघडेल याची खात्री राहत नाही. काही लाख रुपये खर्चून घेतलेली सुरक्षा दहा-पंधरा हजारांच्या पाइपने विस्कटायची, असा हा सौदा.

आणि उलटणे. उंच गाडीचा हा जन्मजात दोष. दोन चाकांमधल्या रुंदीला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले की एक आकडा मिळतो. साध्या मोटारींचा तो १.३ ते १.५ च्या आसपास येतो, एसयूव्हींचा १.० ते १.३. जितका लहान तितकी गाडी उलटायला तयार. २००० साली अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने पासष्ट लाख टायर परत मागवले. बहुतेक तक्रारी फोर्ड एक्सप्लोररवरच्या होत्या: वेगात टायरचा थर सुटायचा, ड्रायव्हर घाबरून स्टिअरिंग ओढायचा आणि गाडी कोलांटी घ्यायची. २७० हून अधिक माणसे गेली. टायरचा दोष की गाडीचा, यावर दोन कंपन्यांत जाहीर भांडण झाले आणि जवळपास शंभर वर्षांचे संबंध तुटले.

उलटण्यावरचा खरा चांगला उपाय म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल. गाडी स्टिअरिंगच्या दिशेने जात नाही असे दिसले की संगणक एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून तिला मार्गावर आणतो. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून ते सगळ्या हलक्या गाड्यांना सक्तीचे झाले. एसयूव्हींना त्याचा फायदा विशेष झाला, कारण गाडी आडवी घसरायला लागण्याआधीच तिला आवरले तर उलटण्याची पाळीच येत नाही. उलटलीच तर छत टिकले पाहिजे. अमेरिकेच्या २००९ च्या नियमानुसार पावणेतीन टनांपर्यंतच्या गाडीच्या छताने गाडीच्या वजनाच्या तिप्पट भार सोसायला हवा. आयआयएचएस ‘चांगले’ म्हणायला चौपट मागते. नव्या थारमध्ये छतासोबत रोल केज येतो तो याच कारणासाठी. खिडक्यांवर उघडणाऱ्या पडद्यासारख्या एअरबॅग अशा वेळी काही सेकंद फुगलेल्या राहतात, कारण कोलांट्या खाणारी गाडी भिंतीवरच्या धडकेसारखी चुटकीसरशी थांबत नाही. रँग्लरची दारे आणि छत काढून ठेवता येतात, तिला त्या नव्हत्या. आयआयएचएसला तिचे आडवे होणे खटकले ते यामुळेही.

एवढे सगळे पोलाद, संगणक आणि फुगे एका गोष्टीवर विसंबून असतात: माणूस त्याच्या जागी बांधलेला असावा. धडक एक दिसते पण होतात तीन. गाडी अडथळ्यावर आदळते, माणूस गाडीवर आदळतो, आणि माणसाचे मेंदू-काळीज त्याच्याच हाडांवर. नाक चेपून गाडीने मिळवलेले साठ सेंटिमीटर बेल्ट बांधलेल्यालाच मिळतात. न बांधलेला माणूस तोवर ताशी ६४ नेच पुढे चाललेला असतो आणि गाडी थांबल्यावर डॅशबोर्डवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर थांबतो.

पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मर्सिडीज जीएलसीला अपघात झाला. युरोपात पाच तारे मिळवलेली एसयूव्ही पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी दगावले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मागच्या सीटवरचा बेल्ट कायद्याने आधीपासूनच बंधनकारक होता. त्या अपघातानंतर त्याची चर्चा झाली.

वडापच्या, म्हणजे गावोगावचे प्रवासी भरून नेणाऱ्या जीपमध्ये ही चर्चा पोचलेली नाही. मागे समोरासमोर आडवी बाके, त्यांवर बेल्टच नाहीत, आठ जणांच्या जागी चौदा, दोघे मागे पायरीवर. समोरून धडक बसली की बाकावरचा प्रत्येक जण शेजारच्यावर आडवा जातो आणि पुढच्या टोकाला बसलेल्यावर सगळ्यांचा भार येतो. फ्रेम कितीही दणकट असो, तिथे तिचा काही उपयोग नाही.

वेगाचेही तसेच. चाचणी ६४ च्या वेगाने होते. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास साडेतीन पट. पाच तारे मिळवलेली खोली त्या वेगाला टिकते की नाही याची चाचणी कुणी घेतलेली नसते. १२० वरून ६४ वर आणण्याचे काम आदळण्याआधी ब्रेकनेच करायचे असते.

नितीन गडकरींच्या मंत्रालयाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुरू केलेल्या भारत एनकॅपच्या निकालपत्रात खरेदीदाराने ताऱ्यांच्या खाली बघावे. चाचणी कोणत्या मॉडेलची झाली, त्यात एअरबॅग किती होत्या, डोके, छाती आणि गुडघे यांचे रंग हिरवे आहेत की पिवळे, हे तिथे दिलेले असते. मुलांच्या गुणांचा रकानाही असतो. तो भरताना दीड वर्षाचा आणि तीन वर्षांचा असे दोन पुतळे लहान मुलांच्या खास सीटमध्ये बांधून बसवतात. घरोघरी मात्र मूल पुढच्या सीटवर आईच्या मांडीत असते. २७ पट मंदनात दहा किलोचे मूल तिच्या हातांना पावणेतीनशे किलोच्या ओढीने पुढे खेचते.